अंगणाएवढे झाड

मागील वर्षी ज्येष्ठ महिन्यात, ऐन फुलांनी लगडलेला असताना, आमच्या दारचा गुलमोहर तोडावा लागला. बुटीबोरीत घर बांधले तेव्हा मामंजींनी तो स्वतःच्या हाताने लावला होता. त्याला १७ वर्षे झाली. कंबरेएवढे रोप, कुंपणाच्या भिंतीपासून ४ फुटांवर. पहिली ६-७ वर्षे त्याने सर्वांना सुखच दिले. मग अंगणातील फरशा उचलल्या गेल्या, जमिनीतील पाण्याच्या टाकीला तडा गेला, भिंत रस्त्याकडे कलली आणि एका वळवाच्या वादळात मांडीएवढी फांदी शेजाऱ्यांच्या गाडीवर कोसळली. गाडीत कोणी नव्हते, हे पुण्यच म्हणायचे.

रीतसर अर्ज केला. परवानगी चैत्रातच हाती आली. परंतु शेंड्याजवळ कावळ्याचे घरटे होते. पिले उडून जाईपर्यंत सासूबाईंनी कुऱ्हाड लावू दिली नाही. दीड महिना आम्ही सारे मान वर करून त्या घरट्याकडे पाहत होतो. झाड पडले त्या दिवशी सासूबाईंनी उपवास केला. सायंकाळी प्रतिक्रमणात वनस्पतिकायाची आलोचना आली तेव्हा त्यांचा आवाज अडखळला. नंतर त्या एवढेच म्हणाल्या, “झाडाचा काय दोष? जागा आपण दिली होती.”

या एका वाक्याने आमच्या घरात वर्षभर विचार सुरू राहिला. दारात पुन्हा झाड हवेच होते, फुलांचे हवे होते. मात्र ज्याच्यावर कधी कुऱ्हाड उचलावी लागणार नाही असे हवे होते. त्या शोधात जे पाहिले, विचारले आणि शिकलो, ते वाचक कुटुंबांपुढे ठेवावे म्हणून हा लेख. वैशाख उजाडण्यापूर्वी तो हाती पडला तर उपयोगीही ठरेल. कारण झाडाचा खड्डा उन्हाळ्यातच खणावा लागतो.

प्रमाद कोठे होतो?

आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त अनर्थदंडाचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत प्रमादचर्या हा एक आहे. विनाकारण जमीन खणणे, पाणी सांडणे, वनस्पती तोडणे ही तिची उदाहरणे. श्रावकाने टाळावयाच्या १५ कर्मादानांतही वनकर्म आहे. आपण व्यापारी माणसे. वनकर्म आपण करीत नाही, असे म्हणून निश्चिंत होतो. पण चुकीच्या जागी चुकीचे झाड लावणारा गृहस्थ त्या झाडाची तोड त्याच दिवशी ठरवून ठेवतो. फक्त तिची तारीख १५-२० वर्षांनंतरची असते. रोपवाटिकेतील ५ मिनिटांची घाई पुढे एका पूर्ण वाढलेल्या जीवाला आणि त्याच्या आश्रयाने राहणाऱ्या असंख्य जीवांना भोवते.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ नुसार नागरी क्षेत्रात परवानगीवाचून झाड तोडता येत नाही, मग ते आपल्याच अंगणात का असेना. दुकानात न खपलेला माल परत पाठवता येतो. झाड परत पाठवता येत नाही.

बुटीबोरीची माती, बुटीबोरीचे ऊन

नागपूरहून दक्षिणेकडे सुमारे ३० किलोमीटरवर, वर्ध्याचा रस्ता आणि हिंगणघाटकडे जाणारा महामार्ग जेथे वेगळे होतात, तेथे आमचे गाव. वेणा नदीच्या खोऱ्यातील ही कापसाची काळी माती. पावसाळ्यात ती पाणी धरून फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडेपर्यंत आकसते. घराच्या पायाजवळ मोठे झाड असेल तर त्याची मुळे मातीतील ओल आणखी ओढून घेतात. आकसणे वाढते आणि भिंतींना तडे जातात. मुरमाड किंवा रेताड जमिनीवर जे झाड निरुपद्रवी असते, तेच येथे उपद्रवी ठरू शकते.

दुसरी गोष्ट ऊन. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, काही वर्षी ४७ अंशांपर्यंतही. पुण्या-मुंबईच्या बागेत हसणारे झाड येथे मे महिन्यात करपते. म्हणून दुसऱ्या शहरातील नातेवाइकांच्या दारी पाहिलेल्या झाडाचा मोह धरू नये. आपल्याच गावात, आपल्याच मातीत १० वर्षे उभे असलेले झाड पाहावे. तेही मे महिन्यात पाहावे. नागपूरला जाणे झाले तर कृषी महाविद्यालयाच्या महाराजबागेत एक फेरी मारावी. रोपवाटिकेत सारीच रोपे गुडघ्याएवढी असतात. मोठेपणी कोण किती पसरते, हे बागेतच कळते.

आमच्याकडे येणारे माळीबुवा हे फार नेमके सांगतात : “बाई, झाड लहान आहे तोवर सगळंच गोड दिसते. मोठं झालं की भिंत सांगते.”

आधी अंगण मोजावे

आम्ही मुलाच्या हाती टेप दिला आणि ४ गोष्टी कागदावर उतरवल्या : भिंतीपासून कुंपणापर्यंतचे अंतर, जमिनीखालील टाकी व नळाची जागा, वरून जाणाऱ्या विजेच्या तारा आणि दुपारचे ऊन कोणत्या बाजूने येते ते. लहान झाडासाठी भिंतीपासून किमान ६ ते ८ फूट आणि मध्यम झाडासाठी १२ ते १५ फूट जागा सोडावी. तारेखाली १५ फुटांपेक्षा अधिक उंच होणारे झाड लावूच नये. अन्यथा दरवर्षी पावसाळ्यापूर्वी त्याची छाटणी होणार, हे ठरलेलेच.

लहान अंगणासाठी

ज्यांच्या दारी ८-१० फुटांचीच जागा आहे, त्यांच्यासाठी पहिले नाव पारिजातकाचे. उंची साधारण १० ते १५ फूट, मुळे सौम्य, अर्धा दिवस ऊन पुरेसे. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीपर्यंत व पुढेही तो फुलतो. फुले रात्री उमलतात आणि पहाटे आपण होऊन गळतात. तोडावी लागत नाहीत. आपल्या समाजात काही परंपरांत प्रतिमेस फुले वाहतात, काहींत केशरी तांदूळ हेच पुष्प मानतात, तर काही घरांत मूर्तिपूजाच नाही. फूल न तोडता त्याचा सुगंध घरात यावा, ही इच्छा मात्र सर्वांचीच असते. पारिजातकाच्या देठांतून निघणाऱ्या केशरी रंगाने पूर्वी रेशीम रंगवीत. या झाडाचे दोन दोष सांगितले पाहिजेत : उन्हाळ्यात ते विरळ आणि मलूल दिसते, व मुळाशी पाणी साचले तर मरते.

दुसरा देवचाफा, ज्याला कोणी खुरचाफा म्हणतात. मूळचा तो मध्य अमेरिकेकडचा. पण आपल्या देवळांच्या आवारात इतका रुळला आहे की परका वाटत नाही. उन्हाला तो डगमगत नाही. छाटणीत निघालेली हातभर फांदी आठवडाभर सावलीत सुकवून लावली की रुजते. म्हणजे शेजारणीकडून मागून आणता येते. हिवाळ्यात तो निष्पर्ण होतो, त्याला रोग समजू नये. त्याचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये.

तिसरा पांढरा कांचन. हा ६ ते १० फुटांतच राहतो, उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत फुलतो, आणि त्याचे दुभंगलेले पान मुलांना फार आवडते. रंग हवा असेल तर शंकासुर. बियांपासून येतो, पाणी कमी लागते, वर्षातील बहुतेक काळ लाल-पिवळ्या तुऱ्यांनी भरलेला असतो. त्याला बारीक काटे असतात, म्हणून वाटेच्या कडेला लावू नये.

कामिनी, म्हणजे कुंती, हिच्याविषयी एक सावधगिरी. तिची पांढरी फुले सुगंधी आणि बांधा आटोपशीर. पण संत्र्यावरील सायला किडीला ती प्रिय आहे, आणि ही कीड संत्र्याच्या झाडांत ग्रीनिंग हा असाध्य रोग पसरवते. नागपूर हा संत्र्यांचा प्रांत. घराजवळ कोणाची संत्र्याची बाग असेल, तर आपल्या दारच्या सुगंधाची किंमत त्या शेतकऱ्याने का मोजावी? अशा ठिकाणी कामिनी टाळलेली बरी.

थोड्या मोठ्या अंगणासाठी

१५-२० फुटांची जागा असेल तर निवड वाढते. गुलाबी कांचन माघ-फाल्गुनात फुलतो, रक्तकांचन शरदात. दोन्ही लावले तर वर्षातून दोनदा बहर. आपटा हा त्यांचाच भाऊ, विदर्भाच्या कोरड्या रानातला, पाण्याविना तगणारा. दसऱ्याला त्याच्या फांद्या ओरबाडून नेण्याची रीत आहे. स्वतःच्या दारी आपटा असेल तर दोन पाने खुडून काम भागते आणि बाजारातील जुडी विकत घेणे टळते.

ताम्हण, म्हणजे जारूळ, हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प. ऐन चैत्र-वैशाखात, सारे गाव रखरखीत असताना, जांभळे घोस उभे करते. रानात ते नदीनाल्यांच्या काठी वाढते. म्हणून पहिली ३-४ वर्षे पाण्याची कसूर करू नये. काळ्या मातीची ओल धरून ठेवण्याची सवय या झाडाला मानवते.

बहावा कोणाला आवडत नाही? मात्र त्याला ३० फुटांची उंची आणि मोकळे आकाश द्यावे लागते. अरुंद दारात तो लावणे म्हणजे आमच्या गुलमोहराचीच पुनरावृत्ती. जागा असेल तर अवश्य लावावा. त्याची पाने पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या खातात. झाड पुन्हा पालवते. फवारणीचा पंप हाती घेऊ नये. खाल्लेले पान ही झाडाने दिलेली भिक्षा समजावी.

सावली आणि बहर यांचा हिशेबही करून ठेवावा. बहावा, देवचाफा, कांचन यांच्यावर उन्हाळ्यात पालवी विरळ असते किंवा उशिरा येते. पश्चिमेची भिंत तापू नये म्हणून झाड हवे असेल, तर बकुळीसारखे सदाहरित झाडच कामाचे.

तीर्थंकरांचे वृक्ष आपल्या दारी

समवायांग सूत्रात २४ तीर्थंकरांच्या चैत्यवृक्षांची नामावली आहे. ऋषभदेवांचा न्यग्रोध म्हणजे वड, अजितनाथांचा सप्तपर्ण, मल्लिनाथांचा अशोक, मुनिसुव्रतनाथांचा चंपक, नमिनाथांचा बकुळ, महावीरस्वामींचा साल. यांतील एखादे झाड दारी असावे, अशी इच्छा अनेक घरांत असते. ती कशी पुरवावी?

वड घराजवळ लावूच नये. तो मंदिराच्या किंवा गोशाळेच्या विस्तीर्ण आवारात शोभतो. सप्तपर्णीही उंच वाढते, आणि आश्विन-कार्तिकात तिच्या फुलांचा उग्र दर्प पुष्कळांना सोसत नाही.

बकुळ अतिशय संथ वाढते. पुढे ती मोठी होते, म्हणून भूखंडाच्या कोपऱ्यात, भिंतीपासून १५ फुटांवर लावावी. पारिजातकाप्रमाणेच तिचीही फुले गळून पडतात आणि सुकल्यावरही त्यांचा गंध टिकतो. आजीने लावावी, नातवंडांनी वेचावी, असे हे झाड.

सोनचाफा रानात फार उंच होतो. दारासाठी कलमी रोप घ्यावे. ते दोन-तीन वर्षांत फुलते व आटोक्यात राहते. आमच्याकडील मे महिन्यात त्याच्या पानांच्या कडा जळतात. म्हणून घराच्या पूर्वेला, जेथे दुपारनंतर भिंतीची सावली पडते, तेथे त्याला जागा द्यावी.

अशोकाबाबत फसगत होते. रोपवाटिकेत ‘अशोक’ मागितला की बहुधा उंच, सरळ वाढणारा आसुपालव हाती देतात. त्याचे पान एकेरी आणि नागमोडी कडांचे असते. खरा अशोक म्हणजे सीता अशोक. त्याचे पान अनेक पर्णिकांचे असते, कोवळी पालवी तांबूस आणि मऊ लोंबती असते, आणि वसंतात खोडा-फांद्यांवरच केशरी-लाल गुच्छ उमलतात. तीर्थंकरांच्या ८ प्रातिहार्यांतील पहिले प्रातिहार्य अशोकवृक्ष. तेव्हा निदान नाव घेताना खरे झाड कोणते ते आपणास ठाऊक असावे. सीता अशोक सावली आणि ओलावा मागतो. उत्तरेच्या बाजूस, नियमित पाणी देण्याची तयारी असेल तरच लावावा. त्याला रखरखीत उन्हात उभे करणे ही श्रद्धा नव्हे.

टाळावयाची झाडे

गुलमोहर मादागास्करचा, लाकूड ठिसूळ, मुळे जमिनीच्या वरच्या थरात दूरवर पसरणारी. मैदानात तो राजा आहे, अंगणात नाही. कण्हेर आणि पिवळी बिट्टी महामार्गांच्या कडेला शोभतात, पाणी मागत नाहीत. परंतु त्यांचा प्रत्येक भाग विषारी आहे. लहान मुले किंवा गायी-वासरे असलेल्या घरात त्यांना थारा देऊ नये.

खड्डा केव्हा खणावा?

या बाबतीत आपली परंपरा आणि बागकामाचे शास्त्र एकच गोष्ट सांगतात. पावसाळ्यात ओल्या मातीत जीवांची उत्पत्ती फार. म्हणून चातुर्मासात खोदकाम टाळण्याची आपली रीत. बागायतदारही खड्डा वैशाखातच खणून १५-२० दिवस उन्हात तापू देतात. आमच्याकडे पाऊस बहुधा जूनच्या मध्यास येतो. पहिल्या दमदार पावसानंतर, आषाढी चौदशीला चातुर्मास बसण्यापूर्वी, रोप लावून मोकळे व्हावे.

खड्डा अडीच-तीन फूट लांब, रुंद व खोल असावा. खणण्यापूर्वी जागी मुंग्यांचे वारूळ नाही ना, हे पाहावे. नव्या घराच्या अंगणात विटांचे तुकडे आणि सिमेंटचा गारा पुरलेला असतो. आमचे दुकानच सिमेंट-लोखंडाचे, त्यामुळे आमच्या अंगणात तो काकणभर अधिकच निघाला. गाऱ्यातील चुन्याने माती खारवते आणि पाने पिवळी पडतात. तो वेचून काढावा. मग दोन भाग माती आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत. शेण ताजे असेल तर वाळवी येते, आणि मग औषध टाकण्याचा प्रसंग ओढवतो. काळ्या मातीत पाणी साचते, म्हणून रोप भोवतालच्या जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच ओट्यावर लावावे.

रोप निवडताना फुलांनी भुलू नये. पिशवीच्या तळाशी मुळांचा वेढा झालेला नसावा, खोड सरळ आणि पेन्सिलीएवढे तरी जाड असावे. ८ फुटांच्या लवलवीत रोपापेक्षा ३-४ फुटांचे दणकट रोप लवकर जोम धरते.

पहिले दोन उन्हाळे हीच खरी परीक्षा. जुने, झिरपणारे मातीचे माठ खोडापासून दीड फुटावर गळ्यापर्यंत पुरावेत आणि भरून ठेवावेत. मुळांना हवे तेवढेच पाणी मिळते. माठावर झाकण हवेच, नाहीतर त्यात डास होतील आणि इतर जीव पडून मरतील. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी झाडाला चालते. साबणाचे आणि आरओ यंत्रातून वाया जाणारे क्षारयुक्त पाणी रोज घालू नये. गळलेली पाने जाळू नयेत. तीच खोडापासून चार बोटे दूर राखून आळ्यात पसरावीत, म्हणजे ओलही टिकते आणि खतही होते.

कारखान्याच्या दारीही

औद्योगिक वसाहतीत ज्यांचे कारखाने व गोदामे आहेत, त्यांच्यासाठी एक शब्द. एमआयडीसीच्या भाडेपट्टा करारात साधारणतः अट असते : भूखंडाच्या दर २०० चौरस मीटरला किमान १ झाड आणि रस्त्याकडील बाजूस दर १५ मीटरला १ झाड. पुष्कळदा ही अट पुरी करण्यासाठी मिळेल ते रोप खोचले जाते. तेथे जागा मोकळी असते. बहावा, ताम्हण, बकुळ यांना वाढू देता येते. मात्र ट्रक वळतो त्या फाटकाजवळ झाड नको. ताडपत्रीला अडकून फांद्या मोडतात, आणि मग दोष पुन्हा झाडालाच.

आमचा निर्णय

सध्या आमच्या अंगणात दोन खड्ड्यांच्या जागा चुन्याने आखलेल्या आहेत. फाटकाच्या डाव्या हाताला, भिंतीपासून ७ फुटांवर पारिजातक. उत्तरेच्या कोपऱ्यात, १५ फुटांवर बकुळ. तिसरी जागा गुलमोहराची. मुलाला तेथे बहावा हवा होता. मामंजींनी कागद-पेन्सिल घेऊन बहाव्याचा पसारा काढून पाहिला; तो पाण्याच्या टाकीवर येत होता. दुकानाच्या खतावणीत ज्या अक्षरात ते उधारी लिहितात, त्याच अक्षरात त्यांनी खाली लिहिले : “येथे काही नाही.”

ती जागा मोकळीच राहणार आहे. गुलमोहराचा बुंधा अजून तेथे जमिनीसरसा दिसतो. सासूबाई सकाळी तेथे पक्ष्यांसाठी पाण्याचे पसरट भांडे ठेवतात. परवा त्यांनी मला विचारले, “बकुळीला फूल यायला किती वर्षे?” मी म्हटले, “बियांचे रोप असले तर ७-८ तरी.” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “चालेल. तोडावी लागू नये, म्हणजे झाले.”